संगणकावरील युद्ध आणि रसदेचा हिशेब

युद्धाचा विचार मनांत आला कीं डोळ्यांपुढें प्रथम उभे राहतात ते घोडेस्वार, तोफा आणि रणगाडे. गाडीवानाची आठवण सहसा कोणाला होत नाहीं. पोवाड्यांत शूर शिपायाला मानाचें पान मिळतें. पण त्याच्या भाकरीचें पीठ कोणीं, किती कोसांवरून आणि कोणत्या वाटेनें आणलें, हें शाहीर सांगत नाहीं आणि ऐकणाराहि विचारीत नाहीं. नवल असें कीं, ज्या खेळाकडे घरांतील वडील मंडळी केवळ वेळेचा अपव्यय म्हणून पाहतात, त्या संगणकावरील युद्धाच्या खेळांतच या उपेक्षित गाडीवानाला त्याचें योग्य स्थान मिळालें आहे. या खेळांतील बचावाचे डावपेंच आणि रसदेची व्यवस्था यांविषयीं आज चार शब्द सांगण्याचा माझा विचार आहे.

युद्धाचा खेळ ही कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. आपलें बुद्धिबळ हा युद्धाचाच खेळ होय. परंतु बुद्धिबळांत एक मोठी उणीव आहे. तेथील हत्तीला चारा लागत नाहीं, आणि घोडा दिवसभर अडीच घरांच्या उड्या मारीत राहिला तरी त्याच्या वैरणीची चिंता कोणालाहि करावी लागत नाहीं. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न प्रशियांत झाला. बॅरन फॉन राइसविट्झ यानें १८१२ सालीं आपला युद्धाचा खेळ तेथील राजाला दाखविला, आणि त्याच्या मुलानें, जो स्वतः तोफखान्यांतील अधिकारी होता, १८२४ सालीं त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. प्रमाणबद्ध नकाशा, सैन्याचे ठोकळे, दैवाच्या जागीं फांसे आणि न्यायनिवाड्यासाठीं एक पंच, अशी ती योजना होती. सेनापति म्युफ्लिंग याला ती इतकी पसंत पडली कीं, त्यानें सैन्याला तिची शिफारस केली. संगणकानें पुढें केलें तें इतकेंच कीं, पंचाचें काम स्वतःकडे घेतलें, आणि जो हिशेब करतांना पंच थकून जात असे, तो क्षणार्धांत करून दाखविला. हा हिशेब मुख्यतः रसदेचा असतो.

उदाहरणासाठीं एकच खेळ घेऊं. १९८१ सालीं ख्रिस क्रॉफर्ड या अमेरिकन रचनाकाराचा ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’ हा खेळ अॅटारी कंपनीच्या घरगुती संगणकासाठीं प्रसिद्ध झाला. विषय आहे जर्मनीची रशियावरील स्वारी. २२ जून १९४१ या दिवशीं खेळास आरंभ होतो. प्रत्येक डाव एका आठवड्याचा, आणि असे ४१ डाव होऊन मार्च १९४२ च्या अखेरीस तो संपतो. जर्मन सेनेचें आधिपत्य खेळणाराकडे असतें व रशियन सेनेचें संगणकाकडे. त्या यंत्राची स्मरणशक्ति अवघी १६ किलोबाइट, म्हणजे आजच्या एका साध्या छायाचित्रालाहि अपुरी. तरी तेवढ्यांत रचनाकारानें नद्या, अरण्यें, प्रीपेटच्या दलदली आणि ऋतूंचें चक्र हीं सारीं बसविलीं. शरदृतूंत चिखल होतो आणि पथकें जागच्या जागीं रुततात. हिंवाळा आला कीं पडदा पांढरा होतो आणि नद्या उत्तरेकडून गोठत येतात. आणखी एक गंमत अशी कीं, खेळणारा जितका वेळ विचार करीत बसेल, तितका वेळ संगणकहि आपल्या चाली सुधारीत राहतो. सावधपणालाहि किंमत द्यावी लागते, हा पहिला धडा येथेंच मिळतो.

या खेळांत प्रत्येक पथकाचें बळ दोन आंकड्यांनीं दाखविलेलें असतें. एक हजेरीपटावरील बळ आणि दुसरें प्रत्यक्ष लढाऊ बळ. लढाईंत दुसरा आंकडा झपाट्यानें खालीं येतो. विश्रांति आणि रसद मिळाली तर तो हळूहळू पहिल्याकडे चढूं लागतो. रसद मिळते कीं नाहीं, हें ठरविण्याची रीति सोपी आहे. जर्मन पथकापासून पश्चिमेच्या कडेपर्यंत आणि रशियन पथकापासून पूर्वेच्या कडेपर्यंत एक मोकळी वाट असली पाहिजे. शत्रूचें पथक किंवा त्याच्या धाकाखालचीं घरें त्या वाटेंत आडवीं आलीं कीं रसद तुटली. मग हजेरीपटावर आंकडा कितीहि मोठा असो, लढणारें बळ ओसरूं लागतें. कागदावरचें सैन्य आणि हातांतलें सैन्य यांतील हा भेद पुष्कळ सेनापतींना फार उशिरां कळला आहे.

नवशिक्या खेळणाराचें सुरुवातीला काय होतें तें पाहण्यासारखें आहे. जून आणि जुलै महिन्यांत त्याला एकामागून एक विजय मिळतात. तो पूर्वेकडे धांवत सुटतो. खेळाचे गुण मुख्यतः पूर्वेकडे किती मजल मारली यावरच मिळत असल्यानें त्याची हांव वाढते. पुढें चिखल होतो, मग बर्फ पडतें, आणि इतके दिवस मागें हटणारीं तांबडीं पथकें एकाएकीं उलट फिरून अंगावर येतात. खरी गंमत ही कीं, गुणांचा हिशेब अखेरच्या आठवड्यांत होतो. आक्टोबरांत तुम्ही कोठवर पोंचलां होतां, याला तेव्हां कांहीं मोल नसतें. मार्चअखेर तुम्ही कोठें टिकून आहां, एवढेंच पाहिलें जातें. म्हणून चढाईचा म्हणून जो खेळ आपण हातीं घेतों, तो अर्ध्यावर आल्यावर बचावाचा खेळ होऊन बसतो.

आतां बचाव कसा करावा? पहिली गोष्ट अशी कीं, सगळीं पथकें एकाला एक चिकटवून भिंत उभी करूं नये. प्रत्येक पथकाचा धाक शेजारच्या घरांवर चालतो, आणि त्या घरांतून शत्रूला सहजासहजीं पुढें सरकतां येत नाहीं. शेताला कुंपण घालतांना शेतकरी जसा हातभर अंतरावर खुंट ठोकतो आणि मधली जागा कांट्यांनीं भरतो, तशीच ही रचना असते. खुंट म्हणजे पथक आणि कांटे म्हणजे त्याचा धाक. अशा रीतीनें जीं पथकें वांचतात तीं मागें राखून ठेवावीं. ज्या सेनापतीजवळ राखीव सैन्य नाहीं, त्याची फळी एका जागीं फुटली कीं सर्वत्र फुटली असें समजावें.

दुसरी गोष्ट भूमीची. नदीच्या अलीकडच्या कांठावर उभें राहून बचाव करणें हें शहाणपणाचें खरें, पण तें नदी वाहती आहे तोंपर्यंत. जानेवारींत तीच नदी गोठून शत्रूचा राजमार्ग बनते. जो आपल्या बचावाचा आधार कोणत्या ऋतूपर्यंत टिकेल याचा विचार करीत नाहीं, त्याला तो आधारच दगा देतो. तिसरी गोष्ट फळीच्या आकाराची. आपल्या फळीचें एखादें टोंक शत्रूच्या मुलखांत पुढें घुसलेलें असलें तर तें दिसावयास मोठें शौर्याचें दिसतें. परंतु त्याला तीन बाजूंनीं मार खावा लागतो, आणि दोन्ही बगलांवर हल्ला होऊन तें मुळाशींच खुडलें जाण्याची भीति असते. असें टोंक आपण होऊन मागें घ्यावें. फळी सरळ झाली कीं ती आंखूड होते, आणि आंखूड फळीला पथकें कमी लागतात. चौथी गोष्ट, थकलेलें पथक वेळींच मागें घेऊन त्याच्या जागीं ताजें पाठवावें. तें पार मोडेपर्यंत वाट पाहिल्यास पथकहि जातें आणि जागाहि जाते.

या सर्वांच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे. मागें हटणारा प्रत्येक पावलाबरोबर आपल्या कोठाराच्या जवळ येत असतो आणि पुढें जाणारा आपल्या कोठारापासून दूर जात असतो. म्हणून माघार म्हणजे नेहमींच पराभव नव्हे. योग्य वेळीं घेतलेली माघार ही शत्रूच्या रसदेवर केलेली चढाईच असते. मात्र ती चिखल होण्यापूर्वीं घ्यावी लागते. गाड्या रुतल्यावर शहाणपण सुचून उपयोग होत नाहीं.

हा नुसता खेळांतला नियम आहे कीं प्रत्यक्षांतहि असेंच घडलें? १९४१ च्या त्या स्वारींत जर्मनीनें तीस लाखांहून अधिक शिपाई उतरविले होते. यंत्रयुगांतलें सैन्य म्हणून त्याचा बोलबाला झाला. पण त्याबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे होते, आणि त्यांतील पुष्कळसे गाड्या व तोफा ओढण्याच्या कामाचे. सरहद्दीपासून सुमारें ५०० किलोमीटरपर्यंत मोटारगाड्यांवर भिस्त ठेवतां येईल असा हिशेब होता. आणि मॉस्को तर त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब! पुढचा भार आगगाडीनें उचलावयाचा. परंतु रशियन रुळांमधील अंतर १५२४ मिलिमीटर व जर्मन रुळांमधील १४३५. हाताच्या चार बोटांइतक्या या फरकामुळें शेंकडों मैल रूळ उखडून नव्यानें ठोकावे लागले. हिंवाळा आल्यावर जर्मन इंजिनांच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या पाण्याच्या नळ्या गोठून फुटूं लागल्या. गाड्या थोड्या, मागण्या अनेक. तेव्हां दारूगोळा आणि तेल पुढें गेलें, आणि शिपायांचे गरम कपडे पोलंडमधील कोठारांत पडून राहिले. ५ डिसेंबर १९४१ रोजीं मॉस्कोपुढें रशियनांचा प्रतिहल्ला सुरू झाला, तेव्हां समोरचें सैन्य थंडीनें आणि उणिवेनें आधींच अर्धें जिंकलें गेलें होतें.

याच्या उलट बचाव करणारानें काय केलें तें पाहा. माघार चालू असतांनाच रशियानें १५०० हून अधिक मोठे कारखाने सोडवून, गाड्यांत भरून, पूर्वेकडे हलविले. शहरें गेलीं, पण तोफा घडविणारे हात आणि यंत्रें गेलीं नाहींत. हें रसदेच्या व्यवस्थेचें फार मोठें उदाहरण आहे.

नंतरच्या रचनाकारांनीं या बारकाव्यांना खेळांत अधिकाधिक स्थान दिलें. २०१० सालीं निघालेल्या ‘वॉर इन द ईस्ट’ या खेळांत रूळ दुरुस्त करणारीं पथकें खेळणाराला स्वतः हलवावीं लागतात, आणि तीं मागें राहिलीं कीं पुढच्या रणगाड्यांना तेल मिळत नाहीं. २०११ च्या ‘युनिटी ऑफ कमांड’ या खेळांत तर आगगाडीच्या मार्गापासून रसद कोठवर पोंचते, हें नकाशावर रंगानेंच दाखविलेलें असतें. त्यांत शत्रूचें पथक समोरून फोडण्यापेक्षां त्याच्या मागची वाट तोडणें अनेकदां स्वस्त पडतें. दोन-तीन डाव उपाशी राहिलेलें पथक मग एका धक्क्यानें कोसळतें. आपणां मराठी माणसांना हें नव्यानें सांगावयास नको. १७६० च्या आक्टोबरांत बागपतजवळ यमुना उतरून अब्दाली मराठ्यांच्या दिल्लीच्या वाटेवर उभा राहिला, आणि पुढच्या जानेवारींत जे लोक पानिपतावर लढले ते कित्येक दिवसांचे उपाशी होते.

वेढ्यांत सांपडलेल्या सैन्याला आकाशांतून रसद पुरवितां येईल काय, हा प्रश्न या खेळांत वारंवार येतो. इतिहासानें त्याचीं दोन उत्तरें दिलीं. १९४२ च्या फेब्रुवारींत देम्यान्स्क येथें सुमारें एक लाख जर्मन शिपाई वेढले गेले. त्यांना दररोज सुमारें ३०० टन माल हवा होता. तो बव्हंशीं विमानांनीं पोंचविला, आणि एप्रिलांत जमिनीवरची वाट पुन्हां उघडली. त्या यशानें डोळे दिपले. त्याच वर्षीं २३ नोव्हेंबरला स्टालिनग्राड येथें अडीच लाखांच्या वर माणसें कोंडलीं गेलीं, तेव्हांहि तोच उपाय योजिला. आतां किमान ५०० टनांची गरज होती. सरासरीनें रोज सव्वाशें टनसुद्धां पोंचले नाहींत. २ फेब्रुवारी १९४३ रोजीं अखेरच्या तुकड्यांनीं शस्त्रें खालीं ठेवलीं. पहिल्या वेळीं जमलेली युक्ति दुसऱ्या वेळीं जमेल असें मानण्यापूर्वीं माणसें किती आणि विमानें किती, एवढा साधा त्रैराशिकाचा हिशेब करावयास हवा होता. जी गृहिणी चार पाहुण्यांचा स्वयंपाक चाळीस पाहुण्यांना पुरवूं पाहत नाहीं, तिला हा हिशेब कोणीं शिकविला नव्हता.

येथवर मीं या खेळाचे गुण सांगितले. आतां जें सांगावयाचें आहे तें या खेळांत नाहीं, आणि म्हणूनच तें सांगणें मला अधिक अगत्याचें वाटतें.

पडद्यावर पथकाची रसद तुटते तेव्हां एक आंकडा कमी होतो किंवा एक रंग बदलतो. वेढलेलें रशियन पथक नाहींसें होतें, आणि खेळणारा समाधानानें पुढच्या चालीकडे वळतो. प्रत्यक्षांत ते लोक नाहींसे झाले नव्हते. ते कैद झाले होते. त्या संपूर्ण युद्धांत जर्मनांच्या बंदिवासांत ३० लाखांहून अधिक रशियन युद्धकैदी मेले, आणि त्यांतील फार मोठा भाग पहिल्याच हिंवाळ्यांत, भुकेनें, थंडीनें आणि रोगानें. ही निव्वळ अव्यवस्था नव्हती. आक्रमक सैन्यानें त्या मुलखांतल्या धान्यावरच जगावें, आणि त्यापायीं तेथील लक्षावधि लोक उपाशी मेले तरी चालेल, हें स्वारी सुरू होण्यापूर्वींच बर्लिनमध्यें कागदावर ठरलें होतें. म्हणजे रसदेची जी रेषा खेळांत पश्चिमेच्या कडेपासून निघतांना दिसते, तिचें दुसरें टोंक युक्रेनमधील शेतकऱ्याच्या कणगींत होतें.

त्याच नकाशाच्या उत्तरेला लेनिनग्राड आहे. खेळांत तें शहर जिंकलें तर जादा गुण मिळतात. प्रत्यक्षांत तें जिंकलें गेलें नाहीं. ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत, ८७२ दिवस, त्याला वेढा होता. १९४१ च्या २० नोव्हेंबरपासून २५ डिसेंबरपर्यंत तेथील कचेरींतल्या नोकरांना, घरांत बसलेल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना दररोज १२५ ग्रॅम पाव मिळत असे, आणि तोहि निव्वळ पिठाचा नव्हे. लादोगा सरोवर गोठल्यावर २२ नोव्हेंबरपासून बर्फावरून मालमोटारी धांवूं लागल्या. बर्फ फुटून गाडी बुडाली तर चटकन् बाहेर उडी टाकतां यावी म्हणून कित्येक चालक दार उघडें ठेवून गाडी हांकीत. त्या गाडीवानांनीं शहराचा जीव राखला. तरीहि आठ ते दहा लाख नागरिक त्या वेढ्यांत गेले. बचावाची एक फळी तेथें बंदुकीवाल्यांची होती, तशीच दुसरी पाव मोजून देणाऱ्या दुकानांतल्या बायांची होती. आणि कांट्यावर एक तुकडा अधिक किंवा उणा पडणें याचा अर्थ त्या दोघींनाहि, देणारीला आणि घेणारीला, ठाऊक होता.

मग असे खेळ वाईट म्हणून घरांतून हद्दपार करावे काय? मला तसें वाटत नाहीं. शौर्याच्या कथांनीं जें झांकून ठेवलें होतें तें या खेळांनीं निदान अर्धें उघडें केलें आहे. सैन्याला खावें लागतें, वाट तुटली कीं तें मरतें, आणि मोठ्या आंकड्यांनीं पोट भरत नाहीं, हें पंधरा वर्षांच्या मुलाला आज एका संध्याकाळीं कळतें. उरलेलें अर्धें कळावयाला यंत्र पुरत नाहीं. तेथें घरांतल्या मोठ्या माणसांची गरज असते.

म्हणून आई-बापांना माझी एवढीच विनंति आहे. पुण्यामुंबईंतल्या कित्येक घरांत आज संध्याकाळीं असा नकाशा उघडला जात असेल. मुलगा किंवा मुलगी पडद्यापुढें बसून एखादें सैन्य पूर्वेकडे हांकीत असेल, तर त्याला उठवून अभ्यासाला पिटाळण्यापूर्वीं पांच मिनिटें शेजारीं बसावें. फळी कशी धरली आहे, राखीव पथकें कोठें आहेत, कोणत्या नदीचा भरंवसा आहे, हें त्याला विचारावें. तो उत्साहानें सांगेल. मग ही रसद येते कोठून, ती पिकविली कोणीं, आणि जो तिला मुकला त्यानें त्या दिवशीं काय खाल्लें, हेंहि विचारावें. या प्रश्नाचें उत्तर खेळाच्या नियमांत त्याला सांपडणार नाहीं. तें शोधण्यासाठीं तो कपाटांतलें इतिहासाचें पुस्तक काढील, तर तेवढा वेळ खेळ थांबला तरी कांहीं बिघडणार नाहीं.